मेमरीच्या कुस्तीचे पंच

मुक्ता आणि ईशान, नव्या लॅपटॉपची मेमरी ‘दुप्पट वेगवान’ असल्याची जाहिरात तुम्ही परवा फोनवर मोठ्या कौतुकाने वाचून दाखवलीत. तिच्यावर विश्वास ठेवण्याआधी आमचे शेजारी गुंजाळअण्णा तुम्हाला माहीत असायला हवेत.

अण्णा गळ्यात शिट्टी अडकवून कॉम्प्युटरपुढे बसतात. मूळचे पुणतांब्याचे. उभा जन्म कुस्तीच्या फडात पंच म्हणून गेला. गुडघे दुखू लागले, फड सुटला आणि ते कॉम्प्युटरच्या नादी लागले. कोणी कुठल्या मेमरीची चाचणी कशी घेतली, हे इंटरनेटवर बघत असतात आणि लबाडी दिसली की शिट्टी फुंकतात. कुकरची शिट्टी समजून तुमचे आजोबा उठून गॅस बंद करतात. मग भिंतीपलीकडून आवाज येतो, “एक थंड मशिनीवर, एक तापलेल्या! ही काय कुस्ती हाय व्हय?”

सावेडीतल्या आमच्या वाचनालयाचे कॉम्प्युटर रखडायला लागले, तेव्हा कोणाची मेमरी घ्यायची हे ठरवायला आम्ही अण्णांनाच बसवलं. दोन दुकानदार आले. त्यांतली एक अण्णांचीच मुलगी वैशाली. दुकान नुकतंच उघडलेलं; हे तिचं पहिलं मोठं काम ठरणार होतं.

चाचणीत वैशालीची मेमरी सरस ठरली. टाळ्या पडल्या. अण्णांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडून आत डोकावलं आणि शिट्टी वाजवली.

“वैशे, तुझ्या मेमरीच्या पट्ट्या किती?”

“दोन.”

“आन् त्यांच्या?”

“एकच. पण अण्णा, एकूण मेमरी सारखीच आहे की!”

“वजन सारखं आसंल. पन एका गड्यावर दोन गडी सोडलेस तू! दोन पट्ट्या दोन वाटांनी काम वाहत्यात. कुस्ती रद्द!”

“अण्णा, तुम्ही नक्की कोणाचे वडील?”

“आत्ता? कुनाचाच न्हाई.”

दुसरे दुकानदार स्कूटरवरून जाऊन दोन पट्ट्यांची जोडी घेऊन आले. मशीन निवेपर्यंत अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला. मग पुन्हा चाचणी झाली आणि वैशाली थोडक्यात हरली. अण्णांनी विजेत्याचा हात धरून वर केला. दुकानदाराचाच, कारण पट्टीला हात नसतो.

दुसऱ्या दिवशी मी इडल्या घेऊन गेले, तर अण्णांचाच कॉम्प्युटर उघडा पडलेला. आतल्या चांगल्या पट्ट्या काढून ते वैशालीच्या दुकानातल्या तसल्याच पट्ट्या बसवत होते. दुसऱ्याच्या हातून मागवलेल्या.

“अहो अण्णा, ह्या तर हरल्या ना?”

“फडात हरल्या, बाई.” त्यांनी पट्टी अंगठ्याने हलकेच दाबली. “पोरीनं दुकान काढलंय, आन् बापाच्या मशिनीत दुसऱ्याचा माल? वैशीला मात्र सांगू नका. डोक्यावर बसंल.”

त्या पट्ट्यांच्या वेगाची चाचणी अण्णांनी आजतागायत घेतलेली नाही. वैशालीचं दुकान चालू आहे, आणि त्या पट्ट्याही.