धाकूदादांचा पाट

धाकूदादांच्या पाटावर बसायची कोणाची टाप नव्हती. जेवायला गाळ्यातले बाकीचे अकराजण मिळेल त्या पाटावर बूड टेकायचे. यांचा पाट भिंतीशी वेगळा उभा. एकदा नवा पाहुणा चुकून तोच मांडून त्यावर बसला, तर धाकूदादा अगदी शांतपणे म्हणाले, "उठ बाबा, तू क-ख-ग वर बसलंस."

त्या पाटावर पांढऱ्या रंगानं मराठी टाइपरायटरच्या सगळ्या कळा काढलेल्या होत्या. काढून मीच दिल्या होत्या. मी फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होतो आणि लालबागला त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. धाकूदादा गिरणीत विणकर, चार माग एकटे सांभाळायचे. वय पंचेचाळीस, शिक्षण मराठी चौथी. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जोरात होत्या आणि माणसं शिवाजी पार्कवरून बसलेला घसा घेऊन परतायची. धाकूदादा परतले ते एक विचार घेऊन. "मास्तर, मराठी राज्य येतलां. मगे सगळे कागद मराठीत. ते छापतलो कोण?" असं म्हणून ते आपल्या दहा बोटांकडे बघत राहिले. मी त्यांच्या निम्म्या वयाचा, पण त्या दिवसापासून मास्तर झालो.

या खुळामागचं कारण मला ठाऊक होतं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी बायको गावीच होती. गणपतीत पंधरा दिवस गाठ पडायची तेवढीच. बारा जणांच्या गाळ्यात बाईमाणसाला आणणार कुठे? कचेरीत चिकटलो की खोली घेईन आणि तिला घेऊन जाईन, असं ते थोरल्या भावाला सांगून आले होते.

मग दोन वर्षं तो पाट वाजत राहिला. वाजत कसला, मुकाच होता तो. पाळी नसेल त्या सकाळी धाकूदादा गॅलरीत मांडी घालून बसायचे, पाट मांडीवर, डोळे मिटलेले. समोरच्या चाळीवरून ऊन उतरायचं, खालून मोर्चा घोषणा देत जायचा आणि यांची बोटं त्या घोषणा पाटावर उतरवून घ्यायची. नळाच्या रांगेत ती बादलीच्या कडीवर चालायची, भजनात मांडीवर. मी चेष्टेनं विचारायचो, दादा, आता काय छापताय? ते डोळे न उघडता म्हणायचे, "बोटांक कळाक व्हया, मास्तर. डोक्याचा काय घेऊन बसलास." त्यांच्याकडे बघता बघता कधी कधी मलाही कागद सरकल्याचा भास व्हायचा. हसायचो खरा, पण मला त्यांचा हेवा वाटायचा. मी रोज आठ तास खऱ्या यंत्रावर बसायचो आणि एकदाही माझा चेहरा असा तल्लीन झाला नसेल.

परळच्या एका क्लासात टायपिंगची परीक्षा होती. धाकूदादा धुतलेला सदरा आणि काळी टोपी घालून गेले. कागदाकडे एकदाही न बघता सगळ्यांच्या आधी मजकूर संपवून हात जोडून बसले. परीक्षकांनी कागद काढला तर तो कोरा. उजेडाकडे धरल्यावर कुठे एखादा काना दिसला, कुठे अर्धी वेलांटी. आयुष्यभर मागावर तुटलेले धागे सांधणारा हात तो; त्यानं कळांना नुसतं गोंजारलं होतं. "तुटात म्हणान दाबूक नाय," ते मला म्हणाले. चूक माझीच होती. पाटाला जोर लागत नाही, हे मास्तरच्या ध्यानात यायला नको होतं?

पुढच्या रविवारी ते पत्र सांगायला आले. लिहिता यायचं, पण आपल्या वेड्यावाकड्या अक्षराची लाज वाटायची, म्हणून गावची पत्रं मीच लिहायचो. पत्र नेहमी थोरल्या भावाच्या नावे. ते ओटीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं जायचं आणि बायकोच्या वाट्याला शेवटचे दोनच शब्द यायचे, 'मंडळींस आशीर्वाद'. त्या दिवशीही त्यांनी सांगितलं, प्रकृती ठीक, परीक्षा बरी गेली, भात कापून झालं का ते कळवावे. सांगून झालं. मी मान वर केली. धाकूदादा खिडकीबाहेर बघत होते आणि मांडीवरच्या पाटावर बोटं चालली होती.

दोन वर्षांत मी पहिल्यांदाच ती बोटं नीट वाचली. कळा मीच काढलेल्या, त्यामुळे अडलं काहीच नाही. एकदा झालं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

मी लेखणी उचलली आणि आशीर्वादाच्या खाली ते उतरवून घेतलं. मग रिवाजाप्रमाणे पत्र वाचून दाखवलं. शेवटी वाचलं, "माका जमूक नाय. रागाव नको. मी अजून शिकतंय. तुका मुंबयक आणतलंय."

बोटं थांबली. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले धाकूदादा.

"ह्यां मी खंय सांगलंय?"

"आत्ताच सांगितलंत. एकसुद्धा चूक नाही, दादा."

हे पत्र ओटीवर सगळ्यांच्या देखत वाचलं जाणार, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. खोडू का, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात ते पाट काखेत मारून उठले.

"ऱ्हवांदे तां," ते म्हणाले. दारापर्यंत जाऊन वळले. "मास्तर, जोर किती लावूचो, ता उद्या माका तुझ्या हातान दाखव."

उद्या कशाला, म्हणत मी त्यांच्या काखेतला पाट काढून घेतला, त्यांचं बोट हातात धरलं आणि पाटावरच्या 'क'वर दाबून दाखवलं.