ज्ञानूतात्या कुणासाठी थांबत नाहीत

कॉम्प्युटरपुढं नारळ फोडून गेम खेळणारा माणूस अख्ख्या इस्लामपुरात एकच, आमच्या शेजारचे ज्ञानूतात्या. साखर कारखान्यात जन्मभर फिटर. हंगामाच्या पहिल्या दिवशी कारखान्यात उसाची मोळी टाकतात ना, तसं हे कॉम्प्युटरवर उसाचं कांडं ठेवतात, नारळ फोडतात, मगच ट्रॅक्टरच्या शर्यतीचा गेम लावतात. नारळही असा फोडतात, की एकदा पाणी उडून आमचा टीव्ही बंद पडला. मधे भिंत असताना!

ब्रीद एकच : "कारखाना थांबंल, आपून कुणासाठी थांबत न्हाई!"

दर रविवारी चारला त्यांची शर्यत असते ती रज्जाकभाईंशी. कारखान्यातले वेल्डर, तात्यांचे जोडीदार. हल्ली मेढ्याला लेकीकडे असतात, म्हणून शर्यत इंटरनेटवरून.

गेल्या आठवड्यात कॉम्प्युटरनं आपल्या मनानं ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला आणि गेम उघडेना. पडदा काळाभोर.

तात्यांनी 'ऑफ सीझन' जाहीर केला. गाळप संपलं की कारखाना खोलतात, तसा कॉम्प्युटर खोलून अंगणात पोत्यावर मांडला. पंख्याला तेल दिलं. ग्राफिक्स कार्ड इतकं घासलं, की त्यात बघून दाढी करावी. परत जोडलं, तर चार स्क्रू उरले. पडदा काळाच.

"तात्या, बिघाड लोखंडात न्हाई," मी म्हणालो. "ड्रायव्हर म्हंजे सॉफ्टवेअर. नवा काढून जुना घालायचा."

"मग मी खोलत हुतो तवा तोंडात पेढा धरलावतास व्हय रं?"

दुकानदाराला गाठलं. तो म्हणाला, "काका, कार्ड लय जुनं झालं. कॉम्प्युटर नवा घ्या, गेमबी नवा घ्या."

तात्या बॉयलरसारखे तापले. "माझं गुडघंबी जुनं झाल्यात, मलाबी बदलतोस का? जुनं चालत न्हाई म्हणू नगंस. मला चालवता येत न्हाई, आसं म्हण!"

रविवारी दुपारी आम्हीच बसलो. नवा ड्रायव्हर उपटला. जुन्याची सीडी तात्यांच्या ट्रंकेत निघाली, तारेनं चिठ्ठी बांधलेली. कारखान्यातली सवय, जुना पार्ट फेकायचा नाही. ड्रायव्हर घातला, आपोआप होणारं अपडेट बंद केलं. "आता न इचारता कोण शिफ्ट बदलतंय बघू!" तात्या गरजले.

चारला पाच कमी असताना पडदा उजळला. त्यांनी नारळ उचलताच मी टीव्ही झाकायला घरी धावलो.

परत आलो तर फोनवर, व्हिडिओ कॉलवर, रज्जाकभाई दिसत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, हात पांघरुणात. एकच बोट तेवढं बाहेर, बटणावर. नव्या गेमला दोन्ही हात लागतात. हा एका बोटावर चालतो.

"ज्ञान्या, हाईस का?" आवाज जड.

"हाय की! आज तुला धूळ चारतो गड्या!"

तात्यांचा ट्रॅक्टर सुसाट निघाला आणि शेवटच्या रेषेच्या हातभर अलीकडं उभा राहिला. रज्जाकभाईंचा मागून बांधावर चढत, खड्ड्यात पडत येत होता.

"तात्या, जावा की म्होरं!"

"गप," तात्या पडद्यावरची नजर न काढता पुटपुटले. "डिझेल संपलंय."

त्या गेममधल्या ट्रॅक्टरला डिझेल लागत नाही.