मुळापासून साफ

"माणूस गोड खातोय तोवर माझ्या दवाखान्याला मरण नाही!" असं दातांचे डॉक्टर छाती ठोकून सांगत. ग्रहतारे, पत्ते, पोपट, हात पाहणारे हे सगळे त्यांच्या लेखी एकाच माळेचे मणी. "माझा विश्वास फक्त एक्स-रेवर," ते म्हणत. "त्यात जे दिसतं ते असतं. बाकी सगळं बोलाचीच कढी."

नियतीला असली वाक्यं ऐकायला फार आवडतं. तिने त्यांच्या दवाखान्याच्या बरोबर समोरचं दार ताईंना भाड्याने मिळवून दिलं.

ताई टॅरोचे पत्ते वाचत. त्याआधी त्या विमा विकायच्या. दोन्ही धंद्यांत समोरच्याला आधी भविष्याची भीती घालायची आणि मग पाणी विचारायचं एवढंच असल्यामुळे त्यांना नव्याने काही शिकावं लागलं नाही. महिन्याच्या सुरुवातीला त्या महिन्याचं भविष्य सांगत आणि दर सोमवारी सकाळी आठवड्याचं मार्गदर्शन मोबाइलवर पाठवत. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं, ताई विहिरीच्या तळाशी बसून बोलताहेत. अख्खी इमारत ते ऐके. पलीकडच्या दोन गल्ल्याही ऐकत. डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन घेणाऱ्या मावशी तर ते दोनदा ऐकत, एकदा स्वतःसाठी आणि एकदा सुनेसाठी.

एरवी डॉक्टरांनी याकडे काणाडोळा केला असता, पण हा महिना वेगळा होता. त्यांचे सासरेही दातांचेच डॉक्टर. भर चौकात त्यांचा मोठा दवाखाना. आता हात थरथरायला लागले म्हणून तो दोनपैकी एका जावयाच्या हवाली करायचं त्यांनी ठरवलं होतं. दोन्ही जावई दातांचे डॉक्टर. फरक इतकाच, की डॉक्टरांचा हात हलका होता आणि त्यांच्या साडूचा हात असा, की डाव्या दाढेचं दुखणं तो उजवीकडे नेऊन ठेवी.

"महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एक सकाळ तुमच्याकडे बसेन, एक त्यांच्याकडे," सासऱ्यांनी फोनवर सांगितलं होतं. "काम बघेन, पेशंट बघेन. मग ठरवेन, जावईबापू."

"या ना, बाबा! पाय ठेवायला जागा नसेल!" डॉक्टर म्हणाले.

पहिल्या सोमवारी सकाळपासून मावशींचा फोन खणखणत होता. मावशी प्रत्येकाला "हो ना, बरोबर आहे तुमचं" म्हणून फोन ठेवत होत्या.

"काय बरोबर आहे त्यांचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"येत नाहीयेत."

"कोण?"

"कोणीच." मावशींनी मोबाइल पुढे केला. विहिरीच्या तळातून आवाज आला, "या आठवड्याचा पत्ता आहे मौनाचा. काहीही झालं तरी या आठवड्यात तोंड उघडू नका!"

डॉक्टरांनी मोबाइल मावशींना परत दिला. मग त्यांनी स्वतः एका पेशंटला फोन लावला.

"अहो, काल रात्रभर झोपला नव्हतात ना तुम्ही? गाल सुजलाय म्हणालात!"

"हंम्," पलीकडून ओठ मिटून उत्तर आलं.

"मग या की!"

"हंहं."

"अहो, तोंड उघडू नका म्हणजे उगाच बोलू नका! जबडा बंद ठेवा असं नाही!"

पलीकडे थोडा विचार झाला. मग फोन बंद झाला.

डॉक्टर तडक समोर गेले. ताई जांभळ्या कापडावर पत्ते मांडून बसल्या होत्या.

"ताई, तुमच्यामुळे माझी खुर्ची रिकामी आहे!"

"बसा ना. तुमच्या पत्त्यांतही रिकामपण दिसतंयच."

"पत्त्यांत कशाला? समोर दार उघडं आहे, तिथे दिसतंय! तुम्ही जरा सांभाळून शब्द वापरा. एका वाक्याचे दोन अर्थ निघाले, की लोक नेमका चुकीचा उचलतात. आमच्याकडे असं चालत नाही. आम्ही शास्त्राची माणसं, मोजून मापून बोलतो."

"मी फक्त वाक्य देते," ताई शांतपणे म्हणाल्या. "अर्थ ज्याने त्याने आपापल्या घरून आणायचा."

बायकोने रात्री हे सगळं ऐकून घेतलं. ती शाळेत गणित शिकवायची आणि नवऱ्याकडे बऱ्याचदा चुकलेल्या उदाहरणाकडे पाहावं तशी पाही.

"अरे, दुर्लक्ष कर. आठवडा जाईल."

आठवडा गेला. दुसरा आला, तोही कोसळणाऱ्या मनोऱ्याचा पत्ता घेऊन. "या आठवड्यात नवं काही बसवू नका!" ताईंनी बजावलं. एका बाईंची दातावरची कॅप तयार होऊन पडली होती. त्या दारापर्यंत आल्या, कॅपकडे लांबूनच पाहिलं आणि "छान झालीय हो" म्हणून परत गेल्या. कवळी बसवायला येणारे आजोबा तर आलेच नाहीत. ते बिनदाताचे असल्यामुळे फोनवर काय म्हणाले तेही कळलं नाही. दवाखान्यात इतकी शांतता पसरली, की मावशींनी अर्धा स्वेटर विणून काढला.

"बाबा पुढच्या आठवड्याच्या पुढच्या आठवड्यात येणार!" डॉक्टर येरझाऱ्या घालत म्हणाले. "आणि मी काय दाखवू? मावशींचा स्वेटर?"

"बाह्या होतील तोवर," मावशी म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी सगळी इमारत डुलक्या घेत असताना, दार हळूच उघडलं. डोक्यावरून ओढणी, तिचंच टोक तोंडावर. आत येऊन ओढणी बाजूला झाली. ताई! एक गाल दुसऱ्याच्या दुप्पट.

"डॉक्टर, मरतेय मी!"

"पत्त्यांत दिसलं नाही वाटतं?"

"स्वतःचे पत्ते स्वतः पाहायचे नसतात. तुम्ही तरी स्वतःचा दात स्वतः काढता का?"

या उत्तरात थोडं तथ्य होतं, म्हणून डॉक्टरांना ते आवडलं नाही. त्यांनी ताईंना खुर्चीत आडवं केलं, बधिर करायची सुई टोचली आणि त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे, आरसा आणि थुंकी ओढणारी नळी अशी सगळी भरती केली. दाढ किडली होती, पण मूळ वाचण्यासारखं होतं. यंत्र गुर्र करू लागलं आणि त्याचबरोबर डॉक्टरांच्या डोक्यातही काहीतरी गुर्र करू लागलं.

दातांच्या डॉक्टरांना एक खोड असते. पेशंटचं तोंड गच्च भरलं, की त्यांना गप्पा सुचतात. आणि पेशंट जे काही "आं" करेल, त्याचा अर्थ ते "हो" असा घेतात.

"ताई, एक विनंती होती. येत्या सोमवारचं मार्गदर्शन अजून गेलं नाही ना?"

"आं."

"त्यात जरा माझ्या कामाला मदत होईल असं बोलाल? फार नाही. एकच वाक्य. आता तुमचं मी काय करतोय? किडलेलं सगळं मुळापर्यंत जाऊन साफ करतोय आणि दात वाचवतोय. तेच सांगायचं. 'जे किडलं आहे, ते मुळापासून साफ करा!' कसं वाटतं?"

"आं! आं आं ऊं!" ताईंनी हात हलवले.

"आवडलं ना? मला वाटलंच होतं. एकदम नेमकं वाक्य आहे. दुसरा अर्थ निघायला जागाच नाही!"

"ऊं आं आं!" ताईंचे डोळे मोठे झाले.

"दुखतंय? झालंच."

काम संपलं तेव्हा ताईंची जीभ इतकी बधिर होती, की त्यांना आपलं नावही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी वाक्य कागदाच्या तुकड्यावर लिहून त्यांच्या मुठीत कोंबलं. ताईंनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडे आणि खांदे उडवून निघून गेल्या.

"तू टॅरोवालीकडून जाहिरात करून घेतलीस?" बायकोने रात्री विचारलं. "तू?"

"जाहिरात नाही गं, लोकशिक्षण!"

सोमवारी ताईंचा आवाज नेहमीपेक्षाही खोलातून आला. "या आठवड्याचा पत्ता आहे मृत्यूचा. जे किडलं आहे, ते मुळापासून साफ करा! दयामाया दाखवू नका!" शेवटचं वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. पत्त्याला शोभेल असा थोडा रंग भरावाच लागतो.

डॉक्टर दवाखान्यात पोहोचले तर रांग जिन्यापर्यंत! त्यांचा ऊर भरून आला. सासरे थोड्याच वेळात येणार होते. नियतीनेही जरा नमतं घेतलं म्हणायचं!

पहिले गृहस्थ खुर्चीत बसले. "काढा."

"काढायचं नाही हो, साफ करायचं. मूळ चांगलं आहे."

"ताई मुळापासून म्हणाल्यात. काढा. शेजारचाही काढा, त्याची संगत वाईट आहे."

"शेजारचा ठणठणीत आहे!"

"दयामाया नको, डॉक्टर!"

दुसऱ्या बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. "यांचे सगळे."

"सगळे कशाला?"

"एकेक करून कुठे येत बसू? आणि बोलायचेही जरा कमी होतील."

नवरा काही म्हणायला तोंड उघडणार तोच बाई ओरडल्या, "बघा, उघडलंच आहे! घ्या!"

तिसरे रांगेत नुसतेच उभे होते. त्यांचे दात शाबूत होते. सकाळी सकाळी साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकून आले होते. "नोकरी किडली होती हो, मुळापासून! आता वेळच वेळ आहे, म्हटलं एक दातही दाखवून घ्यावा."

"अहो, हे मी सांगितलं होतं! म्हणजे ताईंनी सांगितलं, पण मीच... त्याचा अर्थ दात वाचवा असा आहे!" डॉक्टर रांगेला उद्देशून ओरडले.

"मग तसं सरळ म्हणायचं ना!" रांगेतून कोणीतरी म्हणालं.

एवढ्यात मागच्या खोलीतून धाडधाड आवाज येऊ लागला. डॉक्टर आत धावले. कपाट रिकामं होतं. वर्षानुवर्षांचे पेशंटच्या दातांचे प्लास्टरचे साचे तिथे रचलेले असत. ते सगळे एका पोत्यात भरून मावशी पोतं फरफटत दाराकडे निघाल्या होत्या.

"मावशी! हे काय?"

"किडक्या दातांचे साचे! दवाखान्यात हीच तर सगळी कीड साठलीय. म्हणून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं!"

"ठेवा ते! ठेवा आधी!"

डॉक्टरांनी पोत्याचं एक टोक धरलं. मावशींनी दुसरं सोडलं नाही. ओढाताण दाराबाहेर जिन्यावर गेली आणि पोतं जुनं असल्यामुळे तिथेच त्याने राम म्हटला. वरचे दात, खालचे दात, पुढे आलेले, मागे गेलेले, असे असंख्य जबडे पायरी पायरीने उड्या मारत खाली निघाले. त्यांतला एक जबडा पहिल्या मजल्यावर एका चकचकीत काळ्या बुटाशी जाऊन थांबला.

बुटाच्या वर सासरे होते.

त्यांनी जबडा उचलला, न्याहाळला आणि वर पाहिलं. पाहिलं ते असं. रांगेतली माणसं गालाला रुमाल लावून "काढा! काढा!" म्हणताहेत. एक बाई नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरून उभी आहे. आणि आपले थोरले जावई दातांचं पोतं घेऊन बाईमाणसाशी झोंबताहेत.

सासऱ्यांचं आयुष्यभराचं ब्रीद होतं, 'दात काढणं म्हणजे छप्पर गळतं म्हणून घर पाडणं.' गावात त्यांनी काढलेल्या दातांपेक्षा वाचवलेले दात जास्त होते. तेच ऐकून डॉक्टर या पेशात आले होते आणि खरं तर इतकी वर्षं तसेच वागतही आले होते.

"बाबा, तुम्ही समजताय तसं नाही! मी एकही काढला नाहीये!"

"म्हणून तर चिडलोय आम्ही!" रांगेतले पहिले गृहस्थ म्हणाले. "एवढा वेळ नुसतं समजावताहेत!"

सासऱ्यांनी जबडा हलकेच पायरीवर ठेवला. "गर्दी मात्र आहे हो, जावईबापू," ते म्हणाले आणि आले तसे उतरून गेले.

दोन दिवसांनी बायकोने माहेरी फोन केला. बोलणं संपल्यावर तिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "धाकट्या जावयाला दिला दवाखाना."

"त्याला? अगं, त्याच्याकडे चिटपाखरू फिरकत नाही!"

"हो. बाबा सबंध सकाळ तिथे बसले, एक पेशंट आला नाही. म्हणाले, 'याला म्हणतात काम! एकदा हात लावला, की माणसाला परत यायची गरजच पडत नाही.'"

डॉक्टरांनी हिशेब मांडला.

"म्हणजे मी त्या बाईच्या नादी लागलोच नसतो, तर माझाही दवाखाना रिकामा असता आणि..."

"आणि चौकातला तुला मिळाला असता," बायकोने उदाहरण सोडवून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दार वाजलं. दारात साडू उभा. नवा कोरा कोट, खिशावर चौकातल्या दवाखान्याचं नाव आणि गाल असा, की आत लिंबू ठेवलंय.

"साडूभाऊ," तो ओठाच्या एका कोपऱ्यातून म्हणाला, "अक्कलदाढ... बाबांना सांगू नका हं. त्यांना वाटतं, माझ्याकडेच येतात लोक."

डॉक्टरांनी मुकाट्याने त्याला खुर्चीत बसवलं, एक्स-रे काढला आणि उजेडात धरून नीट पाहिला. दाढ वाचण्यासारखी नव्हतीच. काढायलाही फार वेळ लागला नाही. त्यांच्या साडूच्या अकलेची मुळं अगदीच वरवर होती.