पत्र्याची मोहीम, अर्थात पल्लेदारांचे चार अंक कसे कामी आले

आरंभी त्या समस्त प्रेक्षकांस दंडवत, जे मध्यंतरानंतरही परत आले. ते थोडेच होते, म्हणोन त्यांचे मोल मोठे. सायकलच्या दुकानावरील नाट्यगृह गनिमाच्या हाती जाता जाता कैसे राहिले, कोणी कोणी शर्थ केली आणि कोणाचे काय काय कापले गेले, तो मजकूर हुकुमावरोन, म्हणजे कुटुंबाच्या सांगण्यावरोन, तपशीलवार लिहिला असे. लिहिणार तोच या मोहिमेचा सरसेनापती आणि तोच नाटककर्ता. दिवसा विमा कचेरीत कारकुनी आणि सायंकाळी पाच अंकी ऐतिहासिक नाटके, ऐसा त्याचा दुहेरी अंमल. वाक्यांची लांबी पाहोन गल्लीने त्यास पल्लेदार ऐसा किताब बहाल केला. तो किताब गौरवाचा आहे, ऐसा त्याचा बहुत वर्षे समज होता.

नाट्यगृह म्हणजे वरची माडी. खालोन रबराचा आणि तेलाचा वास जिन्याने वर चढे आणि सम्राटाच्या दरबारात सुखाने नांदे. खुर्च्या नाना जातीच्या, पडदा एकीकडोन ओढला की दुसरीकडे अडे, आणि छत पत्र्याचे, तेही गळके, ऐसे की पाऊस लागला म्हणजे सम्राटांनी सिंहासन सरकवोन घ्यावे आणि मग प्रधानाने तेथे बादली ठेवावी. माडीचे धनी सायकलवाले, बहुत सज्जन, भाडे नावापुरते घेत आले. परंतु पाणी झिरपोन खाली नव्या सायकलींस गंज चढू लागला, तेव्हा त्यांनी पल्लेदारांस दुकानी बोलावोन फर्मान सुनावले की, "महिनाअखेर तुमच्या खर्चानं पत्रे बदला, नाहीतर मी वर टायर ठेवतो. टायर निदान बोलत तरी नाहीत."

हे ऐकोन पल्लेदार जिना चढोन माडीत जावोन बसले. कचेरीत त्यांस कोणी विचारीत नसे आणि घरात त्यांचे कोणी ऐकत नसे. ती माडी एवढाच त्यांचा मुलूख. तो गेला तर उरलेले आयुष्य विम्याचे हप्ते लावीत काढावे लागणार, या विचाराने त्यांस खरोखर भीती वाटली.

मग मसलत बसली. मसलतीस सम्राट होते, जे दिवसा शिंपी. पल्लेदारांच्या आत्या होत्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त होवोन पडद्यामागे बसणाऱ्या आणि नटांस विसरलेली वाक्ये हळू आवाजात पुरविणाऱ्या. आणि पल्लेदारांचे कुटुंब होते, जे औषधांच्या दुकानी हिशेब पाही, मंडळीचा खजिना सांभाळी आणि नाटकात जी जी स्त्री येईल तिचे काम करी. ऐसे ठरले की वर्गणीसाठी पत्र्याचा डबा घ्यावा, सम्राटांस मुकुटासह पुढे घालावे आणि सबंध गल्लीवर चालोन जावे.

चाल जाहली. पहिल्या घरी दार उघडले, आतल्यांनी सम्राट पाहिले आणि दार लागले. दुसऱ्या घरी साहेब घरी नाहीत ऐसे खुद्द साहेबांनीच आतोन कळविले. दातांच्या डॉक्टरांनी डब्यात नवा ब्रश टाकला. मग पल्लेदारांनी आपले ठेवणीतले अस्त्र काढिले आणि कोपऱ्यावर उभे राहोन पहिला अंक मोठ्याने वाचावयास घेतला, जेणेकरोन जनता द्रवेल. जनता पांगली.

सरतेशेवटी हे हरलेले सैन्य सलूनवाल्यांच्या दारी पोहोचले. सलूनवाले गिऱ्हाइकाचा एक गाल साबणात ठेवोन बाहेर आले आणि म्हणाले, "पैसे देतो की. पण मग तो पहिला अंक काढणार का?"

पल्लेदार संतापले. हा साहित्यावर घाला आहे ऐसे त्यांनी जाहीर केले आणि त्या घाल्याची कारणे, परिणाम आणि पूर्वपीठिका इतका वेळ सांगितली की गिऱ्हाइकाच्या गालावरील साबण वाळोन गेला. कुटुंब मात्र विचारात पडले. त्याने एवढेच विचारिले, "किती द्याल?" सलूनवाल्यांनी आकडा सांगितला. अवघ्या गल्लीने मिळोन दिले त्याहून तो मोठा होता.

दुसरे दिवशी सायकलच्या दुकानाबाहेर कुटुंबाच्या हस्ताक्षरात जाहीरनामा लागला, तो येणेप्रमाणे: "ठरलेली रक्कम भरा आणि नाटकातलं नको ते पान काढून घ्या. गेलेलं पान परत येणार नाही. नाटककारांची तक्रार ऐकली जाणार नाही."

आणि मग जे जाहले ते लिहिताना लेखणी अजूनही अडखळते. रांग माडीपासोन जिन्यावर आणि जिन्यावरोन रस्त्यावर गेली. नाटकास ऐसी गर्दी कधी जमली नव्हती. रांगेतील पहिली खरेदी खुद्द खजिनदारांची, म्हणजे कुटुंबाची. पहिला अंक बहुतेक सलूनवाल्यांनी आधीच काढविला होता, त्याचा उरलेला शेपटाकडचा भाग त्यांनी घेतला आणि म्हणाल्या, "हा मी रोज भाजी चिरताना ऐकते. आता बास." मग सम्राट पुढे आले आणि स्वतःचेच सिंहासनावरील भाषण विकत घेवोन म्हणाले, "मला श्वास पुरत नाही हो. मुकुट पण जड आहे." दातांच्या डॉक्टरांनी सेनापतीचा मृत्यू सबंध उचलिला आणि वर निवाडा दिला की, "मी दातांचा डॉक्टर असलो तरी मला कळतं. माणूस एवढा वेळ मरत नाही." पाने फाडण्याचे काम पल्लेदारांकडेच होते. प्रत्येक पानागणिक डबा खणखणे आणि त्यांच्या काळजास घरे पडत. माडी वाचत होती म्हणोन हसावे, की ती कशाने वाचत होती ते पाहोन रडावे, हे त्यांस उमजेना.

तेव्हा सलूनवाले दुसऱ्यांदा आले आणि त्यांनी तिसऱ्या अंकातील एका पानावर बोट ठेविले. सम्राटांस अंगरखा बदलावयास वेळ मिळावा म्हणोन घातलेले ते पान. एक आई वेशीपाशी उभी राहते आणि युद्धावरोन परतणाऱ्या शिपायांस आपल्या मुलाची खबर विचारते, एवढाच मजकूर. त्यात ना तलवार, ना गर्जना. पल्लेदारांनी ते बेलाशक फाडावयास घेतले. तोच आत्यांनी आपली पर्स मेजावर ठेविली आणि म्हणाल्या, "ते राहू दे."

सलूनवाले म्हणाले, "आत्या, पैसे काढायचे असतात. ठेवायचे कसले पैसे?"

"मग दुप्पट घ्या. पण त्याला हात लावायचा नाही."

खजिनदारांपाशी याविषयी नियम नव्हता. पल्लेदारांनी विचारिले, "पण का, आत्या?"

"का म्हणजे? मला आवडतं."

आपले काही कोणास आवडते, हे पल्लेदारांनी आजवर स्वतःच्याच तोंडोन ऐकिले होते. त्यांस फार बरे वाटले. ते दोन क्षण काही बोलले नाहीत, आणि हे पाहोन रांगेतील लोक घाबरले.

पत्रे आले, चढले, आणि मग प्रयोग लागला. आपण काय काय कापले हे पाहण्यास सारे गिऱ्हाईक हजर, खुर्च्या कमी पडोन लोक जिन्यात उभे. नाटक सुरू जाहले. सम्राट म्हणाले, "निघतो." मुलाने आईचा निरोप घेतला. मग कुटुंब आई होवोन वेशीपाशी उभे राहिले आणि एकेका शिपायास विचारू लागले, आणि शिपाई माना हलवीत गेले. शेवटचा गेल्यावर दरवानाने पुसले, "दार लावू?" आई म्हणाली, "थांब जरा." येथे पडदा पडला, कारण पुढील सर्व विकले गेले होते. पडदासुद्धा या वेळी अडला नाही.

कोणी उठेना. या माडीत प्रेक्षकांकडोन आजवर एकच प्रश्न येत असे, तो म्हणजे "अजून किती राहिलंय?" आता पहिल्या रांगेतोन सायकलवाले उभे राहिले आणि म्हणाले, "एवढंच? अहो, तिचा मुलगा आला का नाही?"

"हो ना," सलूनवाले मागोन ओरडले, "सांगा की हो!"

पल्लेदार उठले. उत्तर त्यांस तोंडपाठ होते. चौथ्या अंकी मुलगा येतो आणि आईपुढे उभा राहोन सहा पाने बोलतो. त्यांनी तोंड उघडिले, उजवा हात वर गेला, छाती फुगली. इतक्यात पडद्याआडोन कुटुंबाचा आवाज आला, "विकलंय ते."

हात खाली आला. पल्लेदार बसले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. माडी राखिली, पत्रे गळत नाहीत, टायर खालीच आहेत. आपल्याकडील चार अंक कामी आले. सेनापती तेवढे बचावले, त्यांस मरावयास पानच उरले नाही. सायकलवाले रोज सकाळी कचेरीच्या वाटेवर पल्लेदारांस अडवितात आणि विचारितात, "आला का हो?" पल्लेदार ओठ घट्ट मिटोन पुढे जातात. एवढे कोणी त्यांस आयुष्यात विचारिले नव्हते, आणि गप्प राहणे इतके गोड असते हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. मुलगा आला की नाही ते येथे लिहावयास घेतले होते. कुटुंबाने ते पान काढोन घेतले आणि त्याचे पैसेही डब्यात भरिले. मजकूर येथे संपला.