साबणाचं तोंड

कार्यालय तंबाखूमुक्त घोषित करायचं ठरलं, तेव्हा अडचण एकच होती: कर्मचारी. वरच्या आदेशानुसार प्रत्येकाच्या तोंडाची कर्करोगासाठी तपासणी होणार होती आणि अहवाल निर्दोष येणं अपेक्षित होतं.

हेडक्लार्कच्या ओठाखाली सकाळपासून बार भरलेला असे. साहेब खिशातल्या नळीतून स्ट्रॉबेरीच्या वासाचे ढग सोडत. "हा धूर नव्हे, वाफ आहे," असं ते स्वतःच सांगत. पण तोंड दाखवायला तेही तयार नव्हते.

"आपल्यात निर्व्यसनी कोण?" साहेबांनी विचारलं.

सगळ्या माना आवक-जावक कारकुनाकडे वळल्या. सुपारीसुद्धा न खाणाऱ्या या माणसाला सगळे 'साबण' म्हणत.

"साबण, कार्यालयाच्या अब्रूचा प्रश्न आहे," हेडक्लार्क म्हणाले. "तोंडच तर उघडायचंय. नाहीतरी मीटिंगमध्ये तू कधी उघडत नाहीस."

साबण तपासणीच्या खुर्चीत बसला. आधी साहेब म्हणून, मग हेडक्लार्क म्हणून, मग उरलेल्या सगळ्यांच्या नावाने. डॉक्टरांना उद्दिष्ट तोंडांचं दिलेलं होतं, चेहऱ्यांचं नव्हे. त्यामुळे ते वर बघत नव्हते.

स्वतःच्या नावाने बसायची पाळी आली, तोवर साबणाचा जबडा धरला होता. निरोगी तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत. एकच कसंबसं गेलं.

"तंबाखू किती वर्षं खाताय?"

"कधीच नाही."

"सगळे असंच म्हणतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी 'संशयित' असा शेरा मारला.

दुसऱ्या दिवशी जबडा सुटला. साबण फेरतपासणी मागायला गेला, पण अहवाल रवाना झाला होता, आणि रवाना झालेला अहवाल चुकत नसतो.

कार्यालय हळहळलं. हेडक्लार्कनी चिमूट ओठाखाली सरकवली आणि त्याच हाताने साबणाच्या पाठीवर थोपटलं. "अजून वेळ गेलेली नाही, बाबा. सोडून दे."

"मनाचा निग्रह लागतो," ढगाआडून साहेब म्हणाले.

'तंबाखूमुक्त कार्यालय' हा फलक लागला, त्या दिवशी साबणाला सक्तीची रजा दिली. फोटोत संशयित नको.

त्या संध्याकाळी हेडक्लार्क जेवायला बसले. बायको म्हणाली, "अहो, हल्ली साधं पाणीसुद्धा झोंबतं तुम्हाला. गालाच्या आत पांढरं काय दिसतंय? एकदा दाखवून या ना."

"दाखवलंय," असं म्हणून त्यांनी तोंड निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र तिच्यापुढे धरलं.

तिने ते नीट वाचलं. नाव बरोबर होतं, सही होती, गोल शिक्काही होता. तिचा जीव भांड्यात पडला.

तुमचाही पडला असता.