छत्तीसवर अडकलेला आकडा

"कॅमेऱ्यातलं मला सगळं कळतं!" असं मी ताईला छाती फुगवून सांगितलं आणि स्वतःच्या फजितीची पायाभरणी केली.

कॅमेरा बाबांचा. एका नामांकित, महागड्या कॅमेऱ्याचा हा स्वस्तातला धाकटा भाऊ. रूप तेच, वजन तेच. फक्त आपोआप फोटो निघायची कळ कंपनीने गाळलेली. त्यामुळे आमच्या अल्बममध्ये बाबा कुठेच नाहीत. अल्बमही मी दुसरीत असतानाच संपतो. बाबा मात्र पुढे कित्येक वर्षं फोटो काढत होते. दादाची आणि माझी जुंपली रे जुंपली, की ते कॅमेरा घेऊन हजर!

"खांद्यावर हात टाका! हसा!" खटॅक!

"फोटो कधी येणार?"

"रोल भरला की."

बाबा जाऊन वर्ष झालं आणि परवा माळ्यावर तो कॅमेरा सापडला. आकडा छत्तीसवर! म्हणजे भरलेला रोल! अल्बमात नसलेलं आमचं सगळं बालपण त्या डबीत होतं.

"स्टुडिओत देऊ," दादा म्हणाला.

"त्यांनी हरवला तर?"

"तुझ्या हातात दिला तर नक्की हरवेल!"

रोल मागे गुंडाळायची कडी तुटलेली. म्हणजे झाकण मिट्ट काळोखात उघडायला हवं, नाहीतर सगळे फोटो पांढरेफटक. मी आईचं कपाट निवडलं. दादाचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही, म्हणून तोही आत शिरला. दोघांची मिळून वयं एकशे चार, अंगावर एक घोंगडी आणि बाहेर दार धरून ताई!

"कोपर काढ."

"ते कोपर नाही, इस्त्री आहे!"

झाकण उघडलं आणि तेवढ्यात डांबरगोळ्यांच्या वासाने दादा असा शिंकला, की कपड्यांचा दांडा हँगरांसकट आमच्या डोक्यावर आला. धडाधड आवाज ऐकून शेजारच्या काकू झाडू घेऊन धावत आल्या.

"काकू, कपाटात दोघं आहेत, उघडू नका!" ताई ओरडली.

एवढं ऐकल्यावर कोण थांबतंय! काकूंनी दार खेचलं, घोंगडी ओढली आणि झाडू हाणला.

"बंद करा! बालपण जळतंय!" मी किंचाळलो.

पण उजेड आत शिरला होता. मी डोळे मिटून घेतले. आता दादा मला जन्मभर ऐकवणार! पण तो हळूच म्हणाला, "बघ तरी, काही वाचलंय का."

मी बघितलं. आत रोलच नव्हता!

"कधीच नव्हता," आई दारातून म्हणाली. "तुमची भांडणं रोजची. रोज रोल कुठून आणणार?"

"मग ते खटॅक?"

"तेवढ्यावर तुम्ही खांद्यावर हात टाकून उभे राहायचात. नंतर भांडण कशावरून होतं, तेही तुम्हाला आठवायचं नाही."

मला बाबांची फार आठवण आली. दादाचा हात माझ्या खांद्यावर होता. उठण्यासाठी आधार घेतला, असं त्याचं म्हणणं. आईने कॅमेरा उचलला आणि डोळ्याला लावला.

"हसा!"

खटॅक! झाकण उघडल्यामुळे आकडा पहिल्यापासून सुरू झाला होता. तो एकवर आला.

आता खरा रोल घालायचं ठरलंय. तो रंगीत आणायचा की काळा-पांढरा, यावरून दादाचं आणि माझं कालपासून बोलणं बंद आहे. आई कॅमेरा शोधतेय.