उपेंद्रराव पडले नाहीत

माणूस पडतो तेव्हा एकटा पडत नाही. त्याच्यासोबत त्याची इभ्रतही पडते. दोघांपैकी आधी कोणाला उचलायचे, याबद्दल आपल्या समाजात आजवर दुमत झालेले नाही. म्हणून पडलेला मराठी माणूस प्रथम आजूबाजूला पाहतो, मग कपडे झटकतो, मग "काही नाही, काही नाही" असे जाहीर करतो, आणि हाड मोडले की नाही हा किरकोळ तपशील घरी जाऊन बघतो.

नाशिकच्या इंदिरानगरात राहणारे उपेंद्र गायधनी या परंपरेचे निष्ठावंत पाईक होते. ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात त्यांची हयात गेली होती. एखादा सुटा भाग केसाएवढा वाकडा असला तरी तो परत पाठवायचा, हा त्यांचा खाक्या. 'तपासल्याशिवाय पास नाही' हे वाक्य त्यांनी निवृत्त होताना कारखान्यातून घरी आणले आणि कोथिंबिरीच्या जुडीपासून जावयापर्यंत सर्वांना लावले. मागच्या वर्षी ते बाथरूममध्ये घसरले तेव्हा त्यांचे उजवे मनगट केसाहून बरेच जास्त वाकडे झाले. तो भाग मात्र त्यांनी पास केला. आठवडाभर डाव्या हाताने जेवले. पत्नी मालिनीबाईंनी कारण विचारले तेव्हा, दोन्ही हातांना समान संधी मिळायला हवी, असे धोरणात्मक उत्तर दिले. वरणाची वाटी मांडीवर सांडली तेव्हा कुठे धोरण उघडे पडले.

हा इतिहास सांगायचे कारण, मुलगी तेजश्री बंगळुरूला बाळंत व्हायची होती आणि मालिनीबाईंना तीन महिने तिच्याकडे जायचे होते. घरी उपेंद्रराव एकटे राहणार होते.

"मी काही जात नाही," मालिनीबाई म्हणाल्या.

"अगं, मी काय कुकुलं बाळ आहे?"

"बाळ पडलं तर रडतं तरी. तुम्ही पडाल याची भीती नाही हो मला. पडून सांगणार नाही, याची आहे."

यावर जर्मनीतला मुलगा देवव्रत याने तोडगा काढला. बाजारात अशी घड्याळे आली आहेत, की माणूस पडला की ती स्वतःच ओळखतात आणि चार माणसांना फोन लावतात. माणसाने सांगायचा प्रश्नच येत नाही. मालिनीबाईंना हे पटले. आपल्या नवऱ्यापेक्षा घड्याळ जास्त बोलके असेल, हे त्या विनाचाचणी मान्य करायला तयार होत्या.

उपेंद्रराव मात्र तपासल्याशिवाय पास करणाऱ्यांतले नव्हते. दहा दिवसांत परत करता येतील अशी तीन घड्याळे देवव्रतने मागवली आणि तपासणी रीतसर सुरू झाली.

पहिले घड्याळ स्वभावाने हळवे होते. प्राथमिक चाचणीसाठी ते मालिनीबाईंच्या हातात बांधले, आणि त्या भाकरी थापायला बसल्या. तिसऱ्या थापेला घड्याळाने त्या कोसळल्याचे जर्मनीला कळवले. देवव्रत मीटिंग सोडून बाहेर आला.

"आई! पडलीस?"

"नाही रे, बाजरीची करतेय."

"मग हळू थाप ना!"

"हळू थापली तर ती भाकरी होत नाही, धिरडं होतं. तुझ्या घड्याळाला सांग."

संध्याकाळी तेच घड्याळ घालून उपेंद्रराव आरतीला गेले. टाळ्यांच्या गजरात ते एकंदर नऊ वेळा पडले (घड्याळाच्या हिशेबाने). देवाला साष्टांग नमस्कार घातला तेव्हा मात्र घड्याळ गप्प राहिले. श्रद्धा त्याला कळत होती, असा एक मतप्रवाह आहे. घड्याळ नापास झाले.

दुसरे घड्याळ विचारी होते. उपेंद्ररावांनी जमिनीवर दोन गाद्या घातल्या, आणि मालिनीबाईंच्या साक्षीने ते त्या गाद्यांवर पडले. घड्याळ ढिम्म. पुन्हा पडले. घड्याळाने फक्त 'आज आपण उत्तम व्यायाम केलात' असे कळवले. घड्याळाच्या मते हे पडणे नव्हे, लोळणे होते. आणि मालिनीबाईंचेही मत वेगळे नव्हते.

मग तज्ज्ञाला पाचारण केले. तळमजल्यावरचे यादव हे देवळाली कॅम्पातून निवृत्त झालेले तोफखान्यातले हवालदार. आयुष्यभर हुकूम आला की जमिनीला भिडायचे, हा त्यांचा पेशा. "साब, पडायचा पण एक तरीका असतो," असे म्हणत त्यांनी घड्याळ बांधले आणि सतरंजीवर असे शिस्तीत पडले, की उपेंद्ररावांनी उभे राहून दाद दिली. घड्याळाला त्या शिस्तीत काही गैर आढळले नाही. तेही नापास झाले.

तिसरे घड्याळ मात्र समतोल निघाले. भाकरीला भाकरी म्हणायचे, लोळण्याला लोळणे. त्यात स्वतःचे सिम होते, म्हणजे मोबाईल घरी राहिला तरी फोन लागणार होता. पडल्यावर ते आधी मनगटावर थरथरायचे, मग पडद्यावर विचारायचे: 'आपण जोरात पडल्याचे दिसते. मदत हवी?' खाली दोन बटणे. एक तांबडे, 'मदत बोलवा'. दुसरे हिरवे, 'मी ठीक आहे'. दोन्हींपैकी काहीच दाबले नाही, तर घड्याळ समजायचे ते समजून फोन लावायचे. उपेंद्ररावांनी खरे पडण्याची चाचणी बाकी ठेवून त्याला तात्पुरते पास केले.

आता फोन कोणाला लावायचा? देवव्रत जर्मनीत, तेजश्री बंगळुरूत, मालिनीबाई तेजश्रीजवळ. चौथे नाव जवळच्या माणसाचे हवे होते, म्हणून यादवांचे घातले. यादवांचे कान तोफांनी नेले होते आणि फोनची घंटा त्यांना ऐकू येत नसे. पण ते धावत येऊ शकतील असे एकमेव होते. थोडक्यात, ज्यांना ऐकू येणार ते येऊ शकणार नव्हते, आणि जे येऊ शकणार त्यांना ऐकू येणार नव्हते. एवढी व्यवस्था बहुतेक सुशिक्षित घरांत असते. समितीने समाधान व्यक्त केले.

मालिनीबाईंच्या गाडीला एक दिवस उरला होता. उपेंद्रराव भाजी घेऊन जिना चढत होते. जिना नुकताच पुसलेला होता. उरलेली चाचणी त्यांच्या परवानगीविना पार पडली.

खाली दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते आले तेव्हा दुधी भोपळा त्यांच्या आधी पोचला होता. उजवा घोटा भलत्याच दिशेला पाहत होता. मनगट थरथरले. 'आपण जोरात पडल्याचे दिसते. मदत हवी?' क्षणभर उपेंद्ररावांचा ऊर भरून आला. अचूक ओळखले होते. असा सुटा भाग हयातीत क्वचित हाती लागतो.

आणि त्याच क्षणी समोरचे दार उघडून झुंबरबाई बाहेर आल्या. त्या मूळच्या कळवणकडच्या, लेकाकडे राहायला आलेल्या, आणि दिवसभर दाराशी बसून इमारतीवर लक्ष ठेवणाऱ्या.

"काय हो भाऊ, पडले काय? लय मोठा आवाज झाला!"

"छे! बसलोय."

"जिन्यात?"

"हवा येते."

"आन् भोपळा?"

"तोही बसलाय," उपेंद्रराव म्हणाले, आणि झुंबरबाईंकडे हसून बघत, मनगटाकडे न पाहता, अचूक हिरवे बटण दाबले.

घड्याळाने 'काळजी घ्या' म्हटले आणि ते वेळ दाखवू लागले. उपकरणात कोणताही दोष आढळला नाही.

झुंबरबाईंना मात्र हिरवे बटण नव्हते. कठडा धरून एका पायावर उपेंद्रराव घरी पोचेपर्यंत मालिनीबाई चप्पल घालून दारात उभ्या होत्या, यादव खुर्ची घेऊन आले होते (झुंबरबाईंनी त्यांच्या दारावर लाटणे आपटले होते, ते त्यांना ऐकू आले), आणि कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने क्रेप बँडेज काढून ठेवले होते. हे सर्व विनाचार्जिंग.

"काही नाही गं," उपेंद्रराव म्हणाले.

मालिनीबाईंनी घोट्याकडे बघितले, घड्याळाकडे बघितले, आणि बंगळुरूला फोन लावला. "तेजू, माझं काही जमत नाही बघ. तुझ्या सासूबाईंनाच बोलाव." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. उपेंद्रराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

देवव्रतने कंपनीला लिहिले: हिरवे बटण काढून टाकता येईल का? कंपनीने नम्रपणे कळवले, की ही मागणी या भागातून वारंवार येते. इथले बरेच ग्राहक हे बटण पडणे पूर्ण व्हायच्या आतच दाबतात, त्यामुळे आपण नेमके काय मोजत आहोत याचा अभ्यास सुरू आहे.

घोट्याला केसाएवढी चीर निघाली. डॉक्टरांनी क्ष-किरणांचा फोटो उजेडात धरून ती दाखवली, तेव्हा उपेंद्ररावांनी सवयीने ती डोळे बारीक करून तपासली आणि सवयीनेच म्हणाले, "हा भाग चालणार नाही."

बाळ थांबणारे नव्हते. मालिनीबाईंनी तिकीट दोन दिवसांनी पुढे ढकलले, घराची दुसरी किल्ली घेतली आणि खाली जाऊन झुंबरबाईंच्या हातात ठेवली. "त्यांना 'कसे आहात' विचारू नका," त्यांनी बजावले. "चालायला लावा."

तेव्हापासून रोज सकाळी उपेंद्रराव काठी घेऊन दारात उभे राहतात. झुंबरबाई जिना चढून येतात आणि त्यांना गॅलरीच्या टोकापर्यंत चालवून परत आणतात. "डावीकडं झुकता बरं का आज," त्या म्हणतात. किंवा, "ठीक हाय, पास." मग बंगळुरूला फोन जातो. तेजश्रीला मुलगी झाली. घड्याळ देव्हाऱ्याशेजारी चार्जिंगला असते आणि अतिशय अचूक वेळ दाखवते.

उपेंद्ररावांना हसणारे वाचक बरेच असतील. त्यांनी एकदा आपल्या डाव्या गुडघ्याकडे पाहावे. ते खरचटलेले कधीचे, कुठल्या पायरीवरचे, आणि घरात कोणाला ठाऊक आहे?

राहू द्या. कोणी पाहिले नाही. तुमचे हिरवे बटण आम्हीच दाबून ठेवले आहे.